एमजीबीत कोणतं आधुनिक इंजिन बसवाल?

हॉर्सपॉवर नंतर बघा, आधी बॉनेट उघडून मोजायची टेप लावा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मूळ १७९८ सीसीचं इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. म्हणून आडवं इंजिन स्वस्तात मिळालं तरी मी घेत नाही. गिअरबॉक्स, सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), सगळंच शोधत बसावं लागतं.

माझी पसंती माझदा एमएक्स-५ चं १.८ लिटर, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. सुटं नको, ठोकलेली पण चालू असलेली अख्खी गाडीच घ्या. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि किल्ली एकाच गाडीची हवीत, नाहीतर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं कुलूप, आडवा येतो. सम्प क्रॉसमेंबरला (पुढच्या आडव्या पट्टीला) अडतो का, तेही मोजा. कार्ब्युरेटरचा पेट्रोलपंप इंजेक्शनला पुरत नाही. जास्त दाबाचा लागतो.

रोव्हरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन? कारखान्यानेच १९७३ मध्ये बसवलं होतं. आवाज, अहाहा! पण ते आधुनिक नव्हे.

ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला, कळवा.