किडनीच्या पेशंटचं पथ्य आणि आपलं खान्देशी ताट

किडनीचा आजार निघाला की घरात सगळ्यात आधी डाळ, दूध, फळं बंद होतात. महिन्या-दोन महिन्यांत पेशंटचे दंड सैल पडतात, जेवणावरची वासना उडते. अशी सरसकट बंदी घालू नका. पथ्य रिपोर्ट बघून ठरतं: पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), साखर, आणि डायलिसिस चालू आहे की नाही. पोटॅशियम ४.२ असलेल्या माणसाला ५.८ वाल्याचं पथ्य लावलं तर त्याची विनाकारण उपासमार होते. शेजारच्या पेशंटची यादी उतरवून आणू नका.

मीठ मात्र जवळपास प्रत्येकालाच कमी करावं लागतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठही त्यातच धरायचं, म्हणून स्वयंपाकाला पाऊण चमचाच धरा. सकाळी पेशंटच्या नावाचं तेवढं मीठ छोट्या डबीत काढून ठेवा. संध्याकाळी डबी रिकामी झाली की विषय संपला. भाजी बिनमिठाची शिजवा, पेशंटची वाटी बाजूला काढा आणि मग बाकीच्यांसाठी मीठ टाका. भाकरीच्या, पोळीच्या पिठात मीठ घालायची गरजच नाही. बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि शेवभाजी ही तीन बंदच बरी. पापडखार आणि सोडा यांतही सोडियम असतं. शेवभाजीत तर आधी शेवेतलं मीठ आणि वरून रश्शातलं, असं दुहेरी जातं. चव आणायला लसूण, जिरं, हिरवी मिरची, लिंबाचे थेंब आणि घरचा बिनमिठाचा काळा मसाला पुरतो. बाजारचा मसाला घेतलाच तर पाकिटावर मीठ लिहिलंय का ते वाचा.

‘लो सोडियम’ मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं, आणि किडनीच्या पेशंटला तेच महागात पडतं. सैंधव हेही मीठच आहे, त्याला सूट नाही.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर जळगाव जिल्ह्यात पहिला प्रश्न केळीचा. एका मध्यम केळ्यात साधारण ३५० ते ४०० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणून ते टाळायचं. केळीचे वेफर्स, नारळपाणी, खजूरही नको. त्याऐवजी सफरचंदाच्या चार फोडी, अननस किंवा हंगामात मूठभर जांभळं चालतात. भाज्यांत दुधी, गिलके, दोडके, कोबी सोयीचे. बटाटा खायचाच असेल तर साल काढून बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं गार पाण्यात भिजवून फारसं काही निघत नाही. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी रश्श्याला वापरलं तर सगळी मेहनत वाया जाते.

भरिताचंही तसंच. वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं की पोटॅशियम आतच राहतं. पोटॅशियम ताब्यात असेल तर छोटी वाटी भरीत खायला हरकत नाही, फक्त शेंगदाणे आणि खोबरं टाकू नका. वाढलेलं असेल तर वांगं सोलून फोडी करा, उकळून पाणी निथळा, घोटा, मग मिरची-लसणाची फोडणी द्या. मध्ये वाटीत पेटता निखारा ठेवून त्यावर तेलाचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटं झाका. भाजल्याचा वास बऱ्यापैकी येतो. सोबत कळण्याची भाकरी नको, कारण तिच्यात उडीद आणि मीठ दोन्ही असतात. साधी ज्वारीची घ्या.

डायलिसिस नसेल तर प्रथिनं साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला ४८. ज्वारीची एक भाकरी ६ ग्रॅम, गव्हाच्या तीन पोळ्या ९-१०, ३० ग्रॅम डाळीचं वरण ६-७, एक अंडं ६, दीडशे मिली दूध ५, भात आणि पोहे मिळून ८. बाकीचं भाजीतून येतं. म्हणजे वरण बंद नाही, मोजून आहे. डायलिसिस सुरू झालं की हाच हिशोब उलटतो. तिथे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनांतली अमिनो आम्लं वाहून जातात. बरेच पेशंट जुन्याच पथ्यावर राहतात आणि खंगतात. पोटभर उष्मांकही हवेतच. ते कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं आणि रक्तातला युरिया वाढतो. भाकरीवर तूप, साबुदाणा, तांदूळ यांची इथे मदत होते. मधुमेह असेल तर साबुदाणा जपून.

उपवास धोक्याचा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी, खजूर हे सगळं पोटॅशियमचं ताट एका दिवशी पोटात जातं. एकादशी सोडवत नसेल तर भगर आणि काकडी घ्या, दाण्याचा कूट वगळा.

पाण्याचं दोन्हीकडून चुकतं. लघवी नीट होतेय आणि सूज नाही, अशा पेशंटने मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तहान दाबून बसणं घातक आहे. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी आणखी बिघडते. डायलिसिसवाल्याला मात्र आदल्या दिवसाच्या लघवीइतकं अधिक साधारण ५०० मिली, एवढंच. चहा, ताक, वरणाचं पाणी, बर्फही त्यातच मोजा. सकाळी बाटली भरून ठेवा, त्याबाहेर जे प्यायलं तेवढं बाटलीतून ओतून टाका.

फॉस्फरस कमी करायची गोळी दिली असेल तर ती पहिल्या घासासोबत घ्यायची, कारण ती अन्नातलाच फॉस्फरस धरते. रिकाम्या पोटी घेतली तर उपयोग नाही. मधुमेहाच्या पेशंटची साखर अचानक उतरली तर फळांचा रस न देता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. हातापायांतली ताकद एकदम गेली, छातीत धडधड झाली किंवा नाडी मंदावली तर घरी काढा उकळत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि पोटॅशियम व ईसीजी करायला सांगा.