गाडीचं इंजिन बदललं, स्कॅनर लागेना: पिन ६ आणि १४ मध्ये १२० ओहम

उद्यमनगरात इंजिन बदलून घेतलं. गाडी चालू झाली, पण गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर ईसीएमशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, बोलेना. स्कॅनरचा दिवा लागायचा, म्हणजे तो लावायच्या सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट आणि ४ ला अर्थ ठीक. फ्यूज बदलला, दुसरा स्कॅनर लावला. तीन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

शेवटी बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाच मिनिटं थांबलो आणि सॉकेटच्या ६ व १४ मध्ये मल्टिमीटर धरला. १२० ओहम! हवेत ६०. ६ आणि १४ च्या दोन वायरी म्हणजे कॅन लाइन, गाडीतले कॉम्प्युटर तिच्यावरूनच बोलतात. तिच्या दोन्ही टोकांना १२० चा एकेक रेझिस्टर लागतो. एक ईसीएममध्ये होता, दुसरा ज्या गाडीचं इंजिन आणलं तिच्या डॅशबोर्डवरच्या मीटरमध्येच राहिलेला.

सॉकेटमागे दोन्ही वायरींच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. वायरी ईसीएमपर्यंत एकमेकींना पीळ देऊनच न्या. परत मोजलं: ६०. बॅटरी जोडली, चावी फिरवली, आणि स्कॅनरवर आरपीएम दिसला.