सहावी ते आठवीचे शिक्षक होताय? बी.एड.मध्ये या चुका टाळा

बी.एड.ला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागणी सुरू होते: 'गेल्या वर्षीची पाठांची फाइल कुणाकडे आहे का?' फाइल मिळते. झेरॉक्स निघते, पहिल्या पानावरचं नाव बदलतं आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे कागद भरण्याचा उद्योग होऊन बसतो. पुढे सहावी-सातवीच्या वर्गात जी तारांबळ उडते तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून सुरुवात इथूनच.

उसनं टाचण

पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे दोन रकाने असतात. जुन्या फायलींमधला दुसरा रकाना एकदा सलग वाचून पाहा. त्यातला विद्यार्थी कधीच चुकत नाही. प्रश्न आला की बरोबर उत्तर हजर, आणि प्रश्न नसेल तिथे 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात'. असा वर्ग महाराष्ट्रातल्या एकाही शाळेत भरत नाही. हल्ली फाइल मागायचेही कष्ट नकोत म्हणून मोबाइलवरच्या एआयकडून मिनिटभरात टाचण काढतात. ते दिसायला नीटनेटकं असतं, पण त्यातलाही विद्यार्थी तितकाच आज्ञाधारक.

असा पाठ प्रत्यक्षात कसा कोसळतो ते कुठल्याही सराव शाळेत पाहायला मिळतं. सहावीचा वर्ग, घटक दशांश अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. छात्राध्यापक, म्हणजे सरावाला आलेला बी.एड.चा विद्यार्थी, फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहितो आणि मोठी संख्या कोणती ते विचारतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा ठणकावून सांगतो, '०.३५, सर.' टाचणात पुढचं वाक्य आहे 'शाबास, कारण सांग'. ते आता वापरता येत नाही. मग 'चूक, बस खाली. दुसरं कोण सांगेल?' दुसरी मुलगीही ०.३५ म्हणते. तिसराही तेच. घामाघूम होऊन छात्राध्यापक नियम सांगून मोकळा होतो: शेवटी शून्य द्या, अंक सारखे करा, मग बघा. मुलं वहीत उतरवून घेतात. मूल्यमापनाला ०.७ आणि ०.४५ दिलं की सगळ्यांचं बरोबर येतं, निरीक्षणाच्या कागदावर 'पाठ समाधानकारक' असा शेरा पडतो. जाता जाता कुणी ०.५ आणि ०.५० यांत मोठं काय असं विचारलं, तर अर्धा वर्ग एका सुरात '०.५०' म्हणतो. तेवढ्यात तास होतो.

त्या मुलाची चूक बावळटपणाची नव्हती. आपण ०.३५ 'शून्य पूर्णांक पस्तीस' असं वाचतो. पस्तीस हे चारापेक्षा मोठे, इतका सरळ हिशेब त्याने केला. शून्य द्यायच्या नियमाने उत्तर सुधारतं, पण हा हिशेब आत तसाच राहतो. काही छात्राध्यापक 'अंक जास्त म्हणजे संख्या लहान' असा तोडगा देतात. तो तर आणखी घातक, कारण मग मूल ०.७५ला ०.४पेक्षा लहान ठरवतं. रुपये-पैशांचं उदाहरणही जपून वापरावं. ते दोन स्थळांपर्यंत उत्तम चालतं, ०.१२५ आलं की हात टेकतं.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे आलेख कागदावर १० × १० चा चौकोन. एक पूर्ण उभा स्तंभ म्हणजे एक दशांश, एक लहान चौकट म्हणजे एक शतांश. ०.४साठी चार स्तंभ रंगवायचे, ०.३५साठी तीन स्तंभ आणि वर पाच चौकटी. ०.५ आणि ०.५० रंगवल्यावर तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. आठ-दहा मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत.

टाचणासाठी सवय एकच लावून घ्या: प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली बरोबर उत्तराआधी तीन चुकीची उत्तरं लिहायची आणि प्रत्येकासमोर 'मुलाने असा विचार केला असेल' हे एका ओळीत. तीन सुचत नसतील तर घटक आपल्यालाच कळलेला नाही असं खुशाल समजा. ही उत्तरं शोधायला पुस्तकं लागत नाहीत. सराव शाळेतल्या शिक्षकांकडून तपासलेल्या वह्यांचा एक गठ्ठा मागून घ्या आणि लाल फुल्या वाचा. तासाभरात पंधरा पाठांचा माल मिळतो. पाठांची संख्या भरायची घाई असलेल्यांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांच्या घाईचा हिशेब मग सहावीची मुलं चुकती करतात.

सूक्ष्म पाठात चोरी

सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे सहाध्यायांसमोर एकेका कौशल्याचा छोटा पाठ घेण्याचं, भारतात रूढ झालेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनराध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. प्रत्यक्षात पहिली सहा मिनिटं होतात, मित्रमंडळी 'छान झाला' म्हणतात आणि बाकीच्या रकान्यांवर सह्या पडतात. या चक्रात किंमत आहे ती मधल्या बारा मिनिटांना. तोच पाठ लगेच दुसऱ्यांदा घेताना काय बदललं, हे पाहण्यासाठीच हा खटाटोप आहे. पुनराध्यापन गाळायचं असेल तर सूक्ष्म पाठ घेऊच नये, तेवढा वेळ ग्रंथालयात बसावं.

दुसरी गोम म्हणजे समोर बसलेले 'विद्यार्थी' पदवीधर असतात. प्रश्न कौशल्याचा सराव चालू असताना समोरून घडाघडा बरोबर उत्तरं आली तर सराव कसला? पाठाआधी चिठ्ठ्या वाटा. दोघांकडे चुकीचं उत्तर, एकाकडे 'मला नाही समजलं', एकाकडे विषय सोडून प्रश्न. छात्राध्यापकाला कुणाकडे काय आहे हे कळू द्यायचं नाही. सहा मिनिटांत माणूस उघडा पडतो, आणि तो सहाध्यायांसमोर पडलेला बरा.

'समजलं का?'

हा प्रश्न नाही, ही सवय आहे. त्यावर वर्ग 'होऽऽ' म्हणतो, कारण पहिलीपासून त्याला तेच शिकवलंय. त्याऐवजी मुलांना काहीतरी करायला द्या: 'वहीत एक उदाहरण लिहा, मी दोन मिनिटांत रांगेतून फिरते.' फिरताना पाच वह्या पाहिल्या तरी वर्गाचा अंदाज येतो. पाचही वह्या पुढच्या बाकावरच्या नकोत.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हा याचाच जुळा भाग. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात ते युगासारखे जातात. मनातल्या मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा आणि तोवर खडूकडेही बघू नका. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव, हाच क्रम ठेवा. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटला म्हणून समजा.

'सहावीचं काय, येतंच की'

येत नसतं. बी.एस्सी. झालेल्याला ३/४ ÷ १/८ दिलं की तो उलटं करून गुणतो आणि ६ सांगतो. उलटं का करायचं, हे विचारलं की गाडी अडते. पाऊण पट्टीत अष्टमांशाचे तुकडे किती बसतात हे कागदाच्या घड्या घालून दाखवायला दोन मिनिटं लागतात, पण ते आधी स्वतः केलेलं असावं लागतं. सामाजिक शास्त्राकडची अवस्था वेगळी नाही. ऋतू शिकवताना 'पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उन्हाळा' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपल्याकडे थंडी असताना. खरं कारण आसाचा २३.५ अंशांचा कल. ते टॉर्च आणि कललेल्या पृथ्वीगोलाने अंधाऱ्या खोलीत दाखवावं, तोंडी सांगण्यात अर्थ नाही.

पहिल्या सत्रातच आपल्या विषयाची सहावी, सातवी आणि आठवीची बालभारतीची पुस्तकं स्वाध्यायांसह सोडवून काढा. पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गाइड उघडायचं नाही. पाचवीचं पुस्तकही हाताशी असू द्या, सातवीतली अर्धी अडचण तिथेच अडकलेली असते.

पदवी एक, पेपर दुसराच

ही चूक बारावीनंतरच होते आणि चार-पाच वर्षांनी उमगते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे विषयवार शिक्षक लागतात. त्यामुळे 'कुठलीही पदवी घेऊ, बी.एड. करू, मग बघू' हे धोरण तोट्याचं आहे. पदवीचा विषय, बी.एड.ला निवडलेला अध्यापन पद्धतीचा विषय आणि टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरमधला वैकल्पिक गट, हे तिन्ही एका रेषेत हवेत. पदवी इतिहासाची, पद्धती मराठीची आणि टीईटीला गणित-विज्ञान 'कारण त्यात गुण मिळतात', असा खिचडी अर्ज भरतीच्या वेळी कुठल्याच पदाला नीट बसत नाही.

बी.एड.च्या वाटेने सहावी-आठवीसाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी ४९ टक्क्यांवर अडकलेले दरवर्षी दिसतात, तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनच बेरीज करत राहा. बी.एड.वर पहिली ते पाचवी मिळेल या आशेवरही राहू नका. ११ ऑगस्ट २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद केला आहे. दोन्ही गटांत शिकवण्याची मुभा हवी असेल तर पदवी आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) ही जोडी धरा, आणि टीईटीचे दोन्ही पेपर द्या.

टीईटी आणि टेट एकाच झटक्यात

टीईटीत १५० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीवला ५५ टक्के. दुसऱ्या पेपरमध्ये बालमानसशास्त्राला ३०, दोन भाषांना ३०-३० आणि वैकल्पिक गटाला ६० गुण असतात. उणे गुण नाहीत, तरी लोक गोल रिकामे सोडून येतात. आता या प्रमाणपत्राला मुदत नसल्याने अभ्यास ताजा असतानाच हे उरकावं.

टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिथे १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे ज्ञानापेक्षा वेग जिंकतो, आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड याच गुणांवर फिरते. टीईटीच्या नोट्स वाचून टेट देणारे शेवटचे चाळीस-पन्नास प्रश्न बघायलाच पोहोचत नाहीत. घड्याळ लावून १०० प्रश्न ६० मिनिटांत, आठवड्यातून दोनदा. दुसरा उपाय नाही.

मुलांच्या विचारांचे टप्पे मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांना क्लासवाले एका तक्त्यात उरकतात: ७ ते ११ वर्षं मूर्त विचार, ११च्या पुढे औपचारिक. प्रश्नापुरतं ठीक आहे. वर्गात मात्र सातवीतल्या बहुतेक मुलांना 'क्ष' समजण्याआधी काड्यापेटीतल्या काड्या लागतात.

आणि या किरकोळ, पण रोजच्या

फळ्याकडे तोंड करून बोलणं. आधी लिहा, मग वळा, मग बोला.

फळ्यावरची अक्षरं दीड-दोन इंचांपेक्षा लहान काढणं. रिकाम्या वर्गात लिहून शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचा. ओळ वर चढत असेल तर हात लांबवू नका, पाय सरकवा.

टाचणात 'विद्यार्थ्यांना घटक समजेल' असं उद्दिष्ट लिहिणं. समजलेलं दिसत नाही. 'दोन दशांश अपूर्णांकांची तुलना करून कारण सांगतो' हे दिसतं.

तेरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर 'एवढंही येत नाही?' म्हणणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या वयाचं मूल पुढचे चार महिने तुमच्या तासाला तोंड उघडत नाही.

आंतरवासितेत, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम करण्याच्या काळात, पाठ संपला की स्टाफरूममध्ये मोबाइल काढून बसणं. नियमांनुसार हा काळ एकूण २० आठवड्यांचा आहे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या काळात हजेरीपत्रक भरायला मागा. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी वर्गशिक्षक कशा करतात ते शेजारी बसून पाहा. पोषण आहाराच्या नोंदवहीत सहावी ते आठवीसाठी प्रतिविद्यार्थी १५० ग्रॅम धान्याचा हिशेब कसा बसवतात तेही बघा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हे कुणी शिकवायला बसत नाही.

उपस्थिती शेवटी 'मॅनेज' होईल यावर विसंबणं. वर्गकामाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के लागतात. १६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवसांत नऊच रजा हातात येतात. त्यातल्या चार दिवाळीआधीच उडालेल्या असतात.