गाडीचोरी रोखायचं अनुदान मागताय? या चुका टाळा

प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत ‘आम्हाला कॅमेरे हवेत’ दिसलं की मी चहा मागवतो. कारण गाड्या कुठून, कशा आणि कोणत्या जातात, हे पुढच्या वीस पानांत सापडणार नसतं. आधी खरेदी ठरलेली असते, मग तिला शोभेल असा गुन्हा शोधतात.

एका छोट्या पोलीस खात्याचा असाच प्रस्ताव मीच लिहून दिला होता, तेव्हा पाप माझंही. नंबरप्लेट वाचणारे चार कॅमेरे आले, फीत कापली, फोटो निघाले. काही आठवड्यांनी अलर्ट वाजला, पोलिसांनी भर चौकात गाडी अडवली आणि आत खुद्द मालक! गाडी त्याला आदल्या दिवशीच परत मिळाली होती. चोरीच्या गाड्यांची यादी यंत्रात दिवसातून एकदाच, पहाटे भरली जायची. त्यामुळे परत मिळालेली गाडी यादीत तशीच राहिली आणि संध्याकाळी चोरलेली गाडी रात्री त्याच कॅमेऱ्यासमोरून बिनबोभाट गेली. त्यात एका कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला. दिवस कलला की प्लेट पांढरीफटक. दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरचं वार्षिक बिल आलं तेव्हा अनुदान संपलेलं होतं.

तेव्हापासून कॅमेऱ्याचा विषय निघाला की मी तीनच गोष्टी विचारतो. यादी किती वेळाने ताजी होते? रात्री दोन वाजता अलर्ट कोण बघतं? तिसऱ्या वर्षीचं बिल कोण भरणार?

आणि अर्ज लिहिण्याआधी वर्षभराच्या फिर्यादी घेऊन टेबलावर हाताने गठ्ठे लावतो: किल्ली आत राहिलेल्या, किल्लीविना सुरू होणाऱ्या, टो करून नेलेल्या. सॉफ्टवेअर हे मिनिटात करतं, ठाऊक आहे. पण हाताने लावताना फिर्याद वाचावी लागते. नव्या मंडळींना तेवढा धीर नसतो. त्यांना थेट आलेख हवा. अमेरिकेत इमोबिलायझर, म्हणजे मूळ किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या किआ आणि ह्युंदाई गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करण्याचे व्हिडिओ पसरले, तेव्हा अनेक ठिकाणी पोलिसांनी स्टिअरिंग लॉक फुकट वाटले. गठ्ठ्यात एकाच बनावटीच्या गाड्या निघाल्या, तर कॅमेऱ्यांआधी हे साधं लोखंड मागा.

दुसऱ्या खात्याचा अर्ज जसाच्या तसा उतरवू नका. एकदा तर सातव्या पानावर मूळ शहराचं नावही तसंच राहिलं होतं.

चालू पगार अनुदानातून भागवता येईल असं धरू नका. बहुतेक योजनांना जादा काम हवं असतं, जुना खर्च नव्या खिशातून नको.

पैसे आधी हातात येतील असंही समजू नका. पुष्कळ ठिकाणी आधी खर्च, मग पावत्या, मग परतफेड. टेक्सासमध्ये वर स्वतःचा वाटाही घालावा लागतो.

यश फक्त अटकेच्या आकड्यात मोजू नका.

आणि ‘सरकारचाच तर पैसा’ हे माझ्यासमोर म्हणू नका. मिशिगनमध्ये १९८६ साली गाडीचोरी रोखायचा असा निधी उभा राहिला तो विमा असलेल्या प्रत्येक गाडीमागे वर्षाला एक डॉलर घेऊन. ज्याची गाडी कधीच चोरीला गेली नाही, त्यानेही तो भरलाय.