गाडीचं बुकिंग क्रेडिट कार्डवर करताय? मग स्वाइप करायच्या आधी एवढं करा

गेल्या वर्षी दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून हायवेलगतच्या एका शोरूममध्ये २५ हजार बुकिंग कार्डवर भरले, सेल्सवाला म्हणाला "सर फुल्ली रिफंडेबल आहे, टेन्शनच घेऊ नका", मग दसरा गेला, दिवाळी गेली, गाडीचा पत्ता नाही आणि पैसे मागायला गेलो तर साडेसात हजार कॅन्सलेशन चार्ज. पावती उलटी करून बघितली तर मागे मुंगीएवढ्या अक्षरात तसं छापलेलं होतं. आपण पुणेकर, दुकानदाराला दहा प्रश्न विचारणारे, पण मी पावती उलटी करूनच बघितली नव्हती.

आधी एक गैरसमज काढून टाका. इंग्लंडमधल्या कुणीतरी सांगितलेलं असतं की कार्डवर डिपॉझिट भरलं की पूर्ण गाडीला प्रोटेक्शन मिळतं. तिकडे ते खरंय, तिथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ आहे, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३० हजार पौंडांपर्यंत असेल तर थोडीशी रक्कम कार्डवर भरली तरी पूर्ण किमतीला कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार. आपल्याकडे असलं कलम नाही. आपल्याकडे आहे चार्जबॅक, म्हणजे कार्डवर भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागायची सोय, तो व्हिसा, मास्टरकार्ड, रुपेच्या नियमांवर चालतो आणि जेवढं स्वाइप केलं तेवढ्याचाच विषय. काही कार्डांवर 'पर्चेस प्रोटेक्शन' लिहिलेलं असतं तो चोरी आणि मोडतोडीचा विमा, गाड्या त्यातून बहुतेक वगळलेल्याच असतात.

तर पहिलं काम, स्वाइपच्या आधी बुकिंग फॉर्मवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केलं तर किती कापणार हे लिहून शिक्का मारून घ्या. तारखेवर अडून बसा. वस्तू मिळाली नाही या कारणाने चार्जबॅक मागायचे साधारण १२० दिवस ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजता येतात, तारीखच नसेल तर बँकेला दाखवणार काय? बँकेची स्वतःची मुदत याहून कमी असू शकते, म्हणून लटकत बसू नका.

पेमेंट डीलरच्याच मशीनवर करा, सेल्समनच्या पर्सनल क्यूआरवर अजिबात नाही. चार्जस्लिपवरचं नाव आणि पावतीवरचं नाव एकच आहे ना ते बघा, आणि स्लिपचा लगेच फोटो काढा, तो कागद थर्मल असतो, दोन महिन्यांत कोरा होतो (माझा झाला). कार्डला दोन टक्के जास्त मागितले तर तेही पावतीवर लिहायला लावा.

आता तारीख टळली तर. इथेच लोक फसतात, शोरूमवाले गोड बोलून कॅन्सलेशन फॉर्म पुढे करतात आणि आपण सही केली की गाडी आपणच नाकारली असं होतं, चार्ज लागू. सही करू नका. ईमेल करा की अमुक तारखेला गाडी द्यायची होती, दिली नाही, पूर्ण रक्कम कार्डवर परत करा, सात दिवस देतो. 'कॅन्सल' हा शब्दच नको.

उत्तर नाही आलं तर बँकेच्या ॲपमध्ये तो व्यवहार उघडून डिस्प्यूट, म्हणजे चार्जबॅकची तक्रार, टाका, कारण 'वस्तू किंवा सेवा मिळाली नाही', सोबत फॉर्म, स्लिपचा फोटो आणि ईमेल जोडा, तक्रार नंबर जपून ठेवा. बिल मात्र भरत राहा, डिस्प्यूट आहे म्हणून थांबलात तर व्याज लागू शकतं आणि सिबिलही खराब होऊ शकतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. डीलरविरुद्ध वेगळं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही नाही हलले तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

माझ्या फॉर्मवर तारखेचा रकाना रिकामाच होता. वाचवलं ते सेल्समनच्या व्हॉट्सॲप मेसेजने, "सर दसऱ्याला १००% डिलिव्हरी", खाली झेंडूच्या फुलांचा फोटो. स्क्रीनशॉट बँकेला पाठवला, पूर्ण २५ हजार परत आले.