मेंढ्यांच्या कातरणीवर कविता लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी वृत्त धरायचं आणि मग विषय त्यात कोंबायचा. मनाच्या श्लोकांची चाल डोक्यात बसलेली असते म्हणून जो तो भुजंगप्रयात घेतो. एक लघु (र्‍हस्व अक्षर) दोन गुरू (दीर्घ अक्षरं) असं चार वेळा, ओळीत 12 अक्षरं, दोन लघु शेजारी कधीच येत नाहीत. आता 'लोकर' बघा, गुरू-लघु-लघु. 'कातर' तेच. 'कातरणी' तर सोडाच. म्हणजे ज्यावर लिहायचंय ते शब्दच बाहेर!

एकाने अशीच कविता तपासायला पाठवली होती, कडव्याकडव्यात 'लोकार' आणि 'कातार'. विचारलं तर म्हणे कवीला सूट असते. असते ना, र्‍हस्वदीर्घाची असते, शब्दच नवा पाडायची नसते. म्हटलं बाबा, 'लोकरीचा', 'कातरीने' असं प्रत्यय लावून वापर, गुरू-लघु-गुरू-गुरू होतं, बसतं. मेंढी हवी तर 'उभी शांत मेंढी' कर, तिच्या आधी लघु येऊ दे. त्याला तेवढा धीर कुठला, दुसऱ्या दिवशी सगळं मुक्तछंद करून पाठवलं.

मी तरी आधी विषयाचे शब्द कागदावर काढतो, मात्रा मोजतो (लघुची एक, गुरूच्या दोन), मग वृत्त बघतो. लोकर, कातर, मेंढी तिन्ही चार-चार मात्रांचे, म्हणजे पादाकुलक हे मात्रांवर चालणारं वृत्त आयतंच तयार आहे, ओळीला 16 मात्रा. 'कातर चाले कचकच कचकच', झाली की ओळ! टेबलावर ठेका धरून म्हणून बघा, अ‍ॅपमध्ये मात्रा मोजून कान तयार होत नाही.

अभंगात 6-6-6-4 अक्षरं मोजताना जोडाक्षर दोन धरू नका, एकच. 'कातर चालते, मेंढी गुडघ्याशी, लोकर पायाशी, साचू लागे.' यमक दुसऱ्या-तिसऱ्याला, चौथ्याला ओढूनताणून नको.

लोकरला यमक म्हणून भाकर आणू नका, कोणी जेवत नसेल तर.

आणि मुक्तछंदाकडे पळायला 'इंग्रजीत पण यमक नाहीये' हे कारण नको. जॉन डायरचं 1757 चं 'द फ्लीस' हे लोकरीवरचं अख्खं काव्य निर्यमक आहे खरं, पण ओळीओळीला पाच आघातांचा हिशोब आहे. निर्यमक म्हणजे मुक्तछंद नव्हे.

लोकरीला ढगाची उपमा द्यायची असेल तर, प्लीज, नको.