सॉफ्टनरचं पाणी आणि कमी मिठाचं पथ्य: सोडियमचा हिशोब कसा करावा

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं की जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी आधी उचलली जाते. मग चिप्स, सॉस, पाकिटातलं सूप बंद होतं. पाण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि बहुतेक घरांत जायची गरजही नसते. पण नळाचं पाणी जड (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं) असेल आणि ते सॉफ्टनरमधून, म्हणजे हा जडपणा काढणाऱ्या यंत्रातून, येत असेल, तर एकदा कागद-पेन घेऊन बसावं. पाच मिनिटांचं काम आहे.

१. सॉफ्टनर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

ज्यात अधूनमधून मीठ भरावं लागतं तो सॉफ्टनर पाण्यात सोडियम सोडतो. त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात आणि मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यांतून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि त्यांच्या जागचं सोडियम पाण्यात उतरतं. मणी कॅल्शियमने भरले की यंत्र ते मिठाच्या पाण्याने धुतं. याला रिजनरेशन म्हणतात.

इथे बरेच जण उगाच घाबरतात. टाकीत ओतलेलं पोतंभर मीठ तुमच्या ग्लासात येत नाही. धुण्याचं पाणी गटारात जातं. तुमच्या वाट्याला किती सोडियम येणार हे मूळ पाणी किती जड आहे त्यावर ठरतं. त्या सोडियमबरोबर मिठातलं क्लोराइड येत नसल्याने हे पाणी सहसा खारट लागत नाही. खारट लागलंच तर रिजनरेशननंतरची धुलाई नीट होत नाहीये असं समजा आणि मेकॅनिकला बोलवा. तोवर ते पाणी पिऊ नका.

बिनमिठाची यंत्रंही मिळतात. ती सोडियम सोडत नाहीत, पण कॅल्शियम काढतही नाहीत. फक्त त्याचा थर बसणं कमी करतात. तुमच्याकडे तसलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

२. जडपणा मोजा, सॉफ्टनरच्या आधीचा आणि नंतरचाही

थेंबांचं टेस्ट किट यासाठी पुरतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, रंगाचं द्रावण घालायचं, पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण एकेक थेंब टाकत, दर थेंबाला हलवत राहायचं. लाल जाऊन जांभळं होतं, मग एका थेंबासरशी निळं. थेंब मोजायचे आणि किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचे. जांभळ्यावर थांबू नका, तिथे घाई केली की आकडा कमी येतो. उत्तर ग्रेनमध्ये (ग्रेन प्रति गॅलन) आलं तर १७.१ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतं.

टीडीएस मीटर इथे उपयोगाचं नाही. त्याला एकूण विरघळलेले क्षार कळतात, कुठला क्षार ते कळत नाही. सॉफ्टनर एक काढून दुसरं घालतो, त्यामुळे आधी आणि नंतर मीटर जवळपास तोच आकडा दाखवतं. तो पाहून ‘सोडियम वाढलेलंच नाही’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

मूळ पाण्यातही थोडं सोडियम असतंच. तो आकडा पाणीपुरवठ्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात मिळतो.

३. गुणाकार करा

कमी झालेला जडपणा × ०.४६ = पाण्यात वाढलेलं सोडियम, मिलिग्रॅम प्रति लिटर.

समजा, आधीचा जडपणा ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि नंतरचा २० आहे. फरक २८०, म्हणजे वाढलेलं सोडियम सुमारे १२९. मूळ पाण्यात ३० होतं, म्हणजे एकूण १५९. दिवसाला दोन लिटर पिण्यात आणि अर्धा लिटर स्वयंपाकात पोटात जात असेल, तर जवळपास ४०० मिलिग्रॅम झालं. स्वयंपाकाचं पाणी धरताना सूप किंवा चहासारखं जे पूर्ण पोटात जातं तेच धरा. भाज्या उकडून ओतून दिलेलं पाणी सोडा.

४. हा आकडा पथ्याशेजारी ठेवा

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, सुचवते. मीठ आणि सोडियम यांत गल्लत करू नका: एका ग्रॅम मिठात सोडियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

म्हणजे वरच्या उदाहरणातलं पाणी रोज एक ग्रॅम मीठ देतं. निरोगी माणसाने यावर झोप उडवून घेऊ नये. त्याचं बरंचसं सोडियम ब्रेड, चीज आणि तयार पदार्थांतून येतं, आधी तिथे कात्री लावावी. पण ज्याला १५०० ची मर्यादा आहे त्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त कोटा पाण्यातच संपतो. उलट, हृदयाच्या आजारामुळे पाणीच मोजून प्यायला सांगितलं असेल तर पाण्यातून जाणारं सोडियमही तितकं कमी. (जाता जाता: फसफसणाऱ्या औषधी गोळ्यांची पाकिटंही वाचा. काहींच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.)

आकडा डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवा. ‘आमच्याकडे सॉफ्टनर आहे’ एवढ्यावरून त्यांना काही ठरवता येत नाही.

५. एक नळ वेगळा करा

सॉफ्टनर काढून टाकायची गरज नाही. अंघोळ, कपडे, गीझर यांना ते पाणी उत्तमच. प्लंबरकडून स्वयंपाकघरातल्या गार पाण्याच्या एका नळाला सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपमधून जोडणी घ्या. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय. बाळाचं पावडरचं दूधही याच पाण्यात करा.

ते जमत नसेल तर आरओ. तो बहुतांश सोडियम काढतो. पण काही आरओंमध्ये चवीसाठी आत येणारं थोडं पाणी पुन्हा मिसळायचा स्क्रू असतो. आत येणारं पाणी सॉफ्टनरचं असेल, तर तो उघडा ठेवून काढलेलं सोडियम परत आत घेतलं जातं. तो बंद करून घ्या. साधा कार्बन फिल्टर आणि यूव्ही सोडियमला हातही लावत नाहीत. उकळून तर पाणी आटतं आणि सोडियम तेवढंच राहतं.

६. पोटॅशियमचा पर्याय विचारल्याशिवाय नको

मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड भरलं की सोडियमऐवजी पोटॅशियम पाण्यात उतरतं. ऐकायला छान वाटतं. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी काही औषधंही पोटॅशियम वाढवतात. कमी मिठाचं पथ्य नेमकं अशाच लोकांना असतं. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं, तेव्हा दोन्ही एकदम सुरू करणं तर आणखी धोक्याचं.

सॉफ्टनरची सेटिंग बदलली किंवा पाण्याचा स्रोत बदलला, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा मोजा.